समुद्रापारचा मूळपुरुष व मॉरिशसचें गिरमिट-दप्तर

मॉरिशस बेटांतील मराठी घराण्यांच्या वंशावळी अलीकडे वरचेवर पाहण्यांत येतात. आपण ज्यास परदेशीं गेलेला म्हणतों, तोच त्या घराण्यांचा परदेशीं जन्मलेला मूळपुरुष होय, व त्याचें गांव निश्चित करणें हा या वंशावळींचा हेतु असतो. हेतु स्तुत्य आहे. परंतु बेटांतील चारपांच पिढ्या जितक्या चोख लावलेल्या असतात, तितकाच समुद्र ओलांडून इकडे येणारा दुवा ढिला असतो. हा दोष श्रमांचा नसून प्रमाणांच्या निवडीचा आहे, असें आमचें मत आहे. भारतवंशीयांच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय पत्र देण्याचा निर्णय मार्च २०२५ मध्यें जाहीर झाल्यापासून या दुव्यास व्यवहारांतही किंमत आली आहे. म्हणून त्याची परीक्षा अधिक कडक झाली पाहिजे.

पहिला घोटाळा आडनांवाचा. घराण्याचें हल्लींचें आडनांव घ्यावयाचें, त्याशीं जुळणारें आडनांव इकडील कुलवृत्तान्तांत शोधावयाचें, आणि तेथील एखाद्या ‘निर्वंश’ किंवा ‘बेपत्ता’ पुरुषास आपला मूळपुरुष जोडून द्यावयाचा, अशी एक पद्धति रूढ होऊं पाहत आहे. ती सर्वस्वीं त्याज्य होय. १८१० मध्यें इंग्रजांनीं बेट घेतलें तरी फ्रेंच नागरी कायदा तेथें कायम राहिला, व जन्माची नोंद त्या धर्तीवर होऊं लागली. तेथें गेलेल्या सामान्य कुणब्यास स्थिर आडनांव बहुधा नव्हतेंच. त्याचें स्वतःचें किंवा बापाचें नांवच पुढील पिढीचें आडनांव होऊन बसलें. ज्यांचा विवाह नागरी दप्तरांत नोंदलेला नव्हता, त्यांच्या मुलांपुढें पुष्कळदां आईचेंच नांव लागलें. अशा स्थितींत ‘रामजी’ हें आडनांव पाहून रामजी नांवाचें कुल शोधणें म्हणजे सावलीचें मोजमाप घेऊन माणसाचें वजन सांगण्यासारखें आहे.

मग प्रमाण कशास मानावें? आमच्या मतें नांवास नव्हे, अंकास. गिरमिट्यांचें येणें १८३४ पासून सुरू झालें, १८३९ मध्यें बंद पडलें, आणि १८४२ च्या कायद्यानें मुंबई, मद्रास व कलकत्ता या तीन बंदरांतून पुन्हा चालू झालें. १९२० पर्यंत सुमारें पांच लाख माणसें तेथें उतरलीं. उतरणाऱ्या प्रत्येकास एक अनुक्रमांक मिळे, व तोच क्रमांक त्याच्या करारांत व पासांत त्याच्यासवें चाले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत हें दप्तर जतन केलें असून २०१५ मध्यें युनेस्कोच्या जागतिक स्मृति-सूचींत त्याची गणना झाली. नांव बदलतें, अंक बदलत नाहीं. सबब ज्या वंशावळींत मूळपुरुषाचा हा अंक दिलेला नाहीं, ती कितीही लांब असली तरी तिचा समुद्रापलीकडील भाग आम्ही दंतकथाच समजूं.

अंक सांपडल्यावरही दप्तर डोळे मिटून स्वीकारण्यासारखें नाहीं. तें अस्सल आहे, पण त्यांतील मजकूर ऐकीव आहे. बोलणारा मालवणी, लिहिणारा इंग्रजी वळणाचा कारकून, आणि पुढें नक्कल करणारा फ्रेंच कानाचा. तेव्हां ‘विठू’चा ‘बिटू’ होणें अशक्य नाहीं. असें नांव आधीं मोठ्यानें उच्चारून पाहावें व मग बाळबोधींत उतरावें. वयाचे आकडे वीस, पंचवीस, तीस असे गोल दिसले तर त्यांवरून जन्मवर्ष काढूं नये. ‘मुंबई’ ही नोंद बंदराची असूं शकेल, गांवाची नव्हे. त्या बंदरांतून चढलेला प्रत्येक जण मराठी होता असेंही नाहीं. जातीच्या रकान्यांतील ‘मराठा’ हा शब्द तर विशेष फसवा आहे. इंग्रजी लेखणीला तो प्रांताचाही वाचक होता. त्यावरून शहाण्णव कुळींचा दाखला काढणारे एक गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. त्यांच्या उत्साहाचें आम्हांस कौतुक वाटतें, निष्कर्षाचें नाहीं.

गांवाच्या नोंदींत जिल्हा वाचतांनाही सावध असावें. जुन्या ‘रत्नागिरी’ जिल्ह्यांतील मालवण, देवगड व वेंगुर्लें हे तालुके १९८१ पासून सिंधुदुर्गांत आहेत. सावंतवाडी हें १९४८ पर्यंत निराळें संस्थान होतें. आणि जुना कुलाबा जिल्हा आज रायगड या नांवानें ओळखला जातो. हें ध्यानांत न घेतल्यामुळें रत्नागिरीच्या कचेरींत खेपा घालणारे लोक व्यर्थ शिणतात. तसेंच, १८४० च्या सुमारास जन्मलेल्या खेडुताचा जन्मदाखला मागणेंही निरर्थक आहे. इकडील १८८६ चा जन्ममृत्यु-नोंदीचा कायदासुद्धां ऐच्छिकच होता.

इकडील बाजूचा पुरावा मिळेल तो ग्रामदप्तरांत व तीर्थोपाध्यांच्या वह्यांत. मागें राहिलेल्या एखाद्या भावानें नाशकास किंवा त्र्यंबकास जाऊन वहींत नांवें घातलीं असतील, तर बाप, आजा व गांव हीं तिन्ही एकदम हातीं लागतात, व गिरमिट-दप्तरांतील बापाच्या नांवाशीं तीं ताडून पाहतां येतात. खोती गांवांच्या कागदांत लागण सोडून गेलेल्या कुळापुढें ‘परागंदा’ असा शेरा आढळतो. हस्तलिखितांचे संग्राहक अशा याद्यांकडे सहसा ढुंकून पाहत नाहींत. सनदा व वतनपत्रें जपतात आणि कुळांच्या याद्या रद्दींत जातात. येथें ‘कूळ’ म्हणजे जमीन कसणारा, पण मॉरिशसांतील कांहीं घराण्यांचें ‘कुल’ त्याच्यापासूनच सुरू होतें. ज्यांच्या संग्रहीं मालवण-देवगड बाजूचे १८४२ नंतरचे खोती कागद असतील, त्यांनीं त्यांतील परागंदा कुळांचीं नांवें बापाच्या नांवासह व सालवार उतरून प्रसिद्ध करावीं. शेरा ज्या हातानें व ज्या शाईनें लिहिला असेल त्याचीही नोंद ठेवावी, कारण मागाहून घातलेले शेरे या कागदांत थोडे नसतात.