अबोध शब्दाचा बोध : ‘कंदिसा’चे प्रत्यक्ष श्रवण

गीतातील शब्द श्रोत्याला कळत नसले की तेथे भाषा संपते आणि कंठ हे केवळ एक वाद्य उरते, असे मत संगीतविषयक चर्चेत वारंवार ऐकू येते. तराण्यापुरता त्याला काही आधारही आहे. परंतु ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या रॉक वाद्यवृंदाचे ‘कंदिसा’ हे गीत एका मित्रासमवेत पुण्याच्या उघड्या मैदानावर ऐकण्याचा योग आला, तेव्हापासून हे मत मला अपुरे वाटू लागले आहे.

हा वृंद १९९० मध्ये सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी उभा केला. गिटार, बास, ड्रम यांच्या जोडीला तबला, असा त्याचा मेळ. ‘कंदिसा’ हा ध्वनिमुद्रित संग्रह २००० मध्ये निघाला. त्यातील शीर्षकगीत म्हणजे केरळातील सुरियानी ख्रिस्ती परंपरेतले एक प्राचीन स्तवन होय. सुरियानी ही अरामाईची शाखा. गाणाऱ्यांपैकी वा ऐकणाऱ्यांपैकी कोणाचीही ती मातृभाषा नव्हे. तरीही मैदानातील तरुण मंडळी ते तोंडपाठ म्हणत होती.

माझे मित्र लातूरचेच. घरची भाषा दखनी. विद्यार्थिदशेत आम्हा दोघांत मिळून या संग्रहाची एकच प्रत होती. असीम चक्रवर्तींना एकदा समक्ष ऐकावयाचे, हा बेत आम्ही वर्षानुवर्षे पुढे ढकलीत राहिलो आणि २५ डिसेंबर २००९ रोजी ते निवर्तले. २०१३ मध्ये सुश्मित सेनही वृंदातून बाहेर पडले. त्यामुळे पुढे कधीतरी लातूरहून रात्रीच्या गाडीने आम्ही निघालो, तेव्हा ज्यासाठी जावयाचे ते आता तेथे नाही, अशी माझी धारणा होती. ती मी बोलूनही दाखविली. मित्र काही बोलले नाहीत.

गीतापूर्वी व्यासपीठावरून सांगण्यात आले की, ‘कंदिसा’ म्हणजे ‘पवित्र’. पहिले आवर्तन संथ होते, तालवाद्ये अद्याप उठली नव्हती. तेवढ्यात मित्र माझा दंड धरून म्हणाले, “अरे, ये तो कुद्दूसच है!” (दखनीतील हा ‘च’ मराठीचा, हे जाता जाता नमूद करतो.) ‘कुद्दूस’ हे अल्लाच्या नव्याण्णव नावांपैकी एक. त्यांचे वडील पहाटे तसबीह फिरवीत ती नावे घेत. वडील जाऊन त्या वेळी वर्षही झाले नव्हते.

मित्रांचे अनुमान शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. सुरियानी ‘कद्दीशा’, हिब्रू ‘कादोश’ आणि अरबी ‘कुद्दूस’ ही एकाच त्रिव्यंजनी धातूची रूपे असून ‘श’-‘स’ हा भेद ‘शालोम’-‘सलाम’ या जोडीप्रमाणेच नियमित आहे. ‘कद्दीशा’चे ‘कंदिसा’ होताना द्वित्ताच्या जागी अनुनासिक येते, तेही अपरिचित नाही : अरामाईत ‘मद्दा’चे ‘मंदा’ झाले, आणि आपल्या प्राकृतांत ‘दर्शन’चे ‘दंसण’, ‘वक्र’चे ‘वंक’ झाले. ‘शालोम’-‘सलाम’ हे उदाहरण मी दरवर्षी वर्गात देतो. तरीही इतक्या वर्षांत त्या गीतात मला हा धातू कधी ऐकू आला नव्हता! मी असीम चक्रवर्तींचा स्वर ऐकत होतो. शब्द ऐकतच नव्हतो.

येथे एक आक्षेप संभवतो. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात सांगतो. ते खरेच आहे. पण मित्रांनी व्युत्पत्ती शोधली नव्हती. त्यांना ओळख पटली होती, आणि ती ‘पवित्र’ या सांगितलेल्या अर्थापेक्षा पुष्कळ अधिक होती. न कळणारा शब्द हाही शब्द म्हणूनच ऐकला जातो. तो कोठे सुरू होतो, कोठे पुन्हा येतो, कोणत्या परिचित शब्दाशी त्याचे नाते असावे, हे कान सतत चाचपीत असतो. तराण्यातील ‘तोम्’ कोणाला वडिलांची आठवण करून देत असेल, असे मला वाटत नाही.

प्रयोगाविषयी मात्र माझी तक्रार आहे. उत्तरार्धात लय चढली, अमित किलम यांचे ड्रम पुढे आले, आणि श्रोत्यांच्या कंठात केवळ ‘आ’कार उरला, व्यंजने बुडाली. धातू व्यंजनांचा बनलेला असल्यामुळे नेमके तेच हरवले. राहुल राम, हिमांशू जोशी आणि तुहीन चक्रवर्ती यांच्या एकत्रित गायनाला भारदस्तपणा होता, तथापि असीम चक्रवर्ती त्या ‘न्’कारावर जसे क्षणभर रेंगाळत, तसे तेथे कोणी रेंगाळले नाही. मूळ ध्वनिमुद्रण या बाबतीत सरस आहे, असेच मी म्हणेन.

परतीच्या गाडीत मी हे मित्रांना सांगितले. त्यांना ते मान्य झाले नाही. पहिले आवर्तन संपल्यानंतरचे आपण काही ऐकलेच नाही, असे ते म्हणाले. पुढे कुर्डुवाडीपर्यंत आम्ही ‘मा रेवा’तल्या बासविषयी बोलत राहिलो.