आनुषंगिक हालचाल आणि सजीवतेचा आभास : निवडक अॅनिमेशनपटांच्या संदर्भात

प्रास्ताविक

मराठीत चित्रपटसमीक्षेची परंपरा चांगली रुजली असली, तरी अॅनिमेशनपटाकडे गांभीर्याने पाहण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. 'कार्टून' या एका शब्दात त्याची बोळवण होते, किंवा फार तर बालचित्रपटांच्या यादीत त्याला जागा मिळते. कथा, संदेश आणि तंत्रज्ञानाची प्रगती यांविषयी चार वाक्ये लिहिली की परीक्षण पुरे होते. कागदावरचे पात्र पडद्यावर हलू लागल्यावर जिवंत का वाटते, हा या कलाप्रकाराचा गाभ्याचा प्रश्न मात्र अस्पर्शित राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या एका लहानशा, पण निर्णायक अंगाचा विचार करावयाचा आहे. ते अंग म्हणजे मुख्य क्रियेच्या सोबतीने येणारी सूक्ष्म हालचाल. अॅनिमेशनच्या परिभाषेत तिला 'सेकंडरी अॅक्शन' म्हणतात. येथे तिच्यासाठी 'आनुषंगिक क्रिया' हा शब्द योजला आहे.

संकल्पनेचे मूळ आणि तिचे स्थलांतर

डिस्ने स्टुडिओतील ज्येष्ठ अॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अॅनिमेशनची बारा तत्त्वे मांडली. आनुषंगिक क्रिया हे त्यांपैकी एक. दुःखी माणूस पाठ फिरवताना डोळा पुसतो, गोंधळलेला माणूस सावरताना चष्मा डोळ्यांवर चढवतो, अशी उदाहरणे त्यांनी दिली आहेत. पाठ फिरवणे ही मुख्य क्रिया, डोळा पुसणे ही आनुषंगिक. केस, वस्त्रे, शेपटी यांचे शरीरामागून येणारे हेलकावे मात्र त्यांनी वेगळ्या तत्त्वात घातले आहेत. ही विभागणी महत्त्वाची आहे. शरीर थांबल्यावर झग्याची झालर क्षणभर पुढे जाते, ते वस्तूच्या वजनामुळे आणि गतीमुळे. डोळा पुसणारा हात मात्र त्या माणसाच्या मनामुळे उचलला जातो.

पुढे १९८७ साली जॉन लॅसेटर यांनी ही तत्त्वे संगणकीय अॅनिमेशनला कशी लागू पडतात हे सांगणारा एक शोधनिबंध लिहिला. संगणकावर काम करणाऱ्या पिढीने ही तत्त्वे बहुतांशी या निबंधातून आत्मसात केली. त्यात आनुषंगिक क्रियेची व्याख्या दुसऱ्या क्रियेतून थेट निष्पन्न होणारी क्रिया अशी आली आहे, आणि उदाहरण आहे त्यांच्याच 'लक्सो ज्युनियर' (१९८६) या लघुपटातील टेबलदिव्याचे : दिवा उडी मारतो आणि त्यामागे विजेची तार लाटेसारखी हलते. लॅसेटर चेहऱ्यावरील भावांचाही उल्लेख करतात, हे नमूद केले पाहिजे. तथापि जुन्या वर्गीकरणाप्रमाणे तारेची ती लाट आनुषंगिक क्रिया ठरलीच नसती. ती वजनाची गोष्ट आहे, मनाची नाही. व्याख्येतील हा बदल किरकोळ वाटतो, परंतु पुढील काळात अॅनिमेशनचे मूल्यमापन ज्या दिशेने घसरत गेले, तिचे बीज येथे आहे असे म्हणता येईल.

नटाला जे विनामूल्य मिळते

रंगभूमीवरील किंवा कॅमेऱ्यासमोरील नट उभा राहिला तरी श्वास घेतो, पापण्या मिटतो, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो. त्याने काहीही न करता त्याचे शरीर शेकडो गोष्टी करीत असते. रेषेने काढलेल्या पात्राला यांतले काहीच आपोआप लाभत नाही. ते थांबले की निव्वळ चित्र होते. चित्रपटाच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरी सेकंदाला बारा चित्रे. म्हणजे दोन सेकंदांची एखादी सवय दाखवावयाची, तर चोवीस चित्रे कोणीतरी बसून काढावी लागतात. त्यामुळेच दूरचित्रवाणीसाठी काटकसरीने काम करणाऱ्यांनी पहिली कात्री येथे चालवली. हॅना-बार्बेरा यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यातील कॉलर ही केवळ शोभेची नाही. तिच्यामुळे धड स्थिर ठेवून नुसते डोके हलवणे सोयीचे झाले.

भरताच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. सत्त्व मनापासून उत्पन्न होते, आणि मन एकाग्र झाल्यावाचून नटाला खरे अश्रू वा रोमांच आणता येत नाहीत, असे भरताचे प्रतिपादन आहे. अॅनिमेशनमधील पात्राला मनच नाही. त्यामुळे तेथे सात्त्विक अभिनय अशक्य मानावा लागेल, किंवा तो अॅनिमेटरच्या मनात घडून पात्राच्या अंगावर उमटतो असे मानावे लागेल. दुसरा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' (१९३७) मधील बिल टिट्ला यांनी साकारलेला ग्रम्पी हा बुटका त्याची साक्ष देतो. स्नो व्हाइटने कपाळाचे चुंबन घेताच तो फणकाऱ्याने निघतो. मुख्य क्रिया चालण्याची, तीही रागाची. पण पावलांचा जोर हळूहळू ओसरतो, चेहरा विरघळतो, एक उसासा निघतो. आणि ती पाहते आहे हे कळताच कपाळाच्या आठ्या पुन्हा जागेवर येतात. संवादाची येथे गरजच उरत नाही. त्याच चित्रपटातील डोपीच्या चालीत थॉमस यांनी एका प्रसंगात लहानशी लटपटती उडी घातली. वॉल्ट डिस्ने यांना ती इतकी आवडली, की इतर अॅनिमेटरांनाही ती आपापल्या प्रसंगांत घालावी लागली. त्यांनी थॉमस यांना मनातल्या मनात काय म्हटले असेल, याची कल्पना करता येते.

केसांचे दोन प्रकार

पिक्सारच्या 'मॉन्स्टर्स इंक.' (२००१) मधील सली या राक्षसाच्या अंगावर वीस लाखांहून अधिक केस होते, आणि ते वाऱ्याने, बर्फाने, हालचालीने कसे हलतील याचे गणित संगणकाने केले. त्या काळी ही मोठी मजल होती आणि परीक्षणांतही केसांचे पुष्कळ कौतुक झाले. परंतु प्रेक्षकाच्या स्मरणात सली राहतो तो अखेरच्या क्षणामुळे : दार उघडते, आतून लहान मुलीची हाक येते आणि त्याचा चेहरा उजळतो. त्या क्षणी केस काय करीत होते, हे कोणालाही आठवत नाही.

याच्या शेजारी हायाओ मियाझाकी यांचा 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' (१९८९) ठेवून पाहावा. किकी ही लहान चेटकीण झाडूवर बसून उडण्यासाठी मन एकवटते, तेव्हा वारा नसताना तिचा झगा फुगतो आणि केस उभारतात. मियाझाकींच्या इतर चित्रपटांतही रागाने, भयाने वा आश्चर्याने पात्रांचे केस असेच फुलून येतात. भौतिकशास्त्राच्या कसोटीवर हे सरळसरळ चुकीचे आहे. रोमांचाची कसोटी लावली तर ते तंतोतंत बरोबर आहे. सलीचे केस बाहेरच्या जगाची आज्ञा पाळतात, किकीचे केस आतल्या जगाची. दोहोंना 'सूक्ष्म हालचाल' या एकाच सदरात टाकले, तर समीक्षेच्या हाती काहीच राहत नाही.

याचा अर्थ संगणक दोषी असा नव्हे. ब्रॅड बर्ड यांच्या 'द इन्क्रेडिबल्स' (२००४) मधील व्हायोलेटचे लांब केस संगणकासाठी सलीच्या केसांइतकेच अवघड काम होते. पण ते तिच्या चेहऱ्यावर पडदा म्हणून येतात, कारण ही मुलगी लपू पाहते. आणि चित्रपटाच्या उत्तरार्धात ती केस मागे सारते तेव्हा त्या हालचालीला नाट्यमूल्य येते. येथे गणित आणि मन एकाच बटेत नांदतात.

आज हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. श्वासाची लय, पापण्यांची उघडझाप, उभ्या उभ्या किंचित झुलणे, हे सारे आता संगणक आपोआप पुरवतो. तयार हालचालींचे संग्रह मिळतात. नटाच्या अंगावर खुणा लावून त्याची हालचाल जशीच्या तशी उचलता येते. भरतकालीन नटाला जे विनामूल्य मिळत होते, ते आता रेखाटलेल्या पात्रालाही मिळू लागले आहे. मात्र जे सर्वांना सारखेच मिळते, ते कोणा एकाचे राहत नाही. तयार संग्रहातून उचललेले खांदे उडवणे एखाद्या मावळी शेतकऱ्याच्या किंवा कोकणातल्या आजीच्या पात्राला चिकटवले, की ते पात्र क्षणात परके होते. कारण आपल्याकडे नकार, संकोच, हतबलता यांसाठी शरीराचे वेगळे व्यवहार आहेत : पदर सारखा करणे, टोपी काढून पुन्हा डोक्यावर बसवणे, कानाची पाळी धरणे, काहीही पडलेले नसताना मांडीवरून हात झटकणे. अॅनिमेशनच्या विद्यार्थ्यांच्या कामात फडफडणारे शेले आणि उडणाऱ्या बटा विपुल दिसतात. मांडीवरून हात झटकणारे कोणी क्वचितच दिसते. या हालचाली कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. त्या एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, रेशनच्या रांगेत पाहाव्या लागतात.

बुटाचे टोक

मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' (२००१) या दृष्टीने पुनःपुन्हा पाहण्यासारखा आहे. आई-वडील डुकरे झाले आहेत, आपण एका अनोळखी आत्मलोकात अडकलो आहोत, अशा अवस्थेत दहा वर्षांची चिहिरो बूट पायात सरकवते आणि निघण्यापूर्वी बुटाचे टोक हलकेच जमिनीवर आपटते. कथेला या क्रियेचा काडीचाही उपयोग नाही. ती गाळली असती तर कथानकातला एकही दुवा तुटला नसता. पण घरातून बाहेर पडताना रोज बूट घालणाऱ्या मुलीचे सारे आयुष्य त्या टोकात साठले आहे. जग उलटेपालटे झाले तरी पाय आपली सवय विसरत नाहीत. आणि ती सवय पाहताच आपण तिच्या बाजूचे होतो.

पुढे हाकू तिला भाताचे गोळे देतो. ती आधी नको म्हणते, मग लहान घास घेते, मग मोठे मोठे घास घेऊ लागते आणि खाता खाताच टपोरे अश्रू गळू लागतात. थॉमस आणि जॉन्स्टन यांचा दंडक असा, की आनुषंगिक क्रियेने मुख्य क्रियेवर कुरघोडी करता कामा नये. येथे मुख्य कोणती? खाणे की रडणे? पहिल्या घासाला उत्तर सोपे असते. तिसऱ्या-चौथ्या घासाला ते देता येत नाही, आणि या अनिश्चिततेतच प्रसंगाचे सामर्थ्य आहे.

अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांच्याशी २००२ साली झालेल्या संभाषणात मियाझाकींनी टाळी वाजवून दोन टाळ्यांमधील रिकाम्या वेळेला जपानीत 'मा' म्हणतात असे सांगितले होते. अनेक अभ्यासक या 'मा'चा अर्थ निव्वळ स्तब्धता असा करतात. तो अपुरा वाटतो. समुद्रावरून धावणाऱ्या आगगाडीत चिहिरो निश्चल बसते तो प्रसंग स्तब्धतेचा खरा. परंतु ती निश्चलता आपल्याला बोलकी वाटते, कारण तोवर आपण त्या शरीराच्या असंख्य लहान सवयी पाहिलेल्या असतात. ज्या पात्राने कधी बुटाचे टोक आपटले नाही, ते नुसते बसून राहिले तर ते केवळ थांबलेले चित्र दिसेल.

लोखंडी दांड्यावरच्या गिरक्या

इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) १९४५ मधील कोबे शहरावरील बॉम्बहल्ल्याने सुरू होणाऱ्या दोन भावंडांच्या वाताहतीची कथा सांगतो. आईचे भाजलेले, पट्ट्यांत गुंडाळलेले शरीर सेइताने पाहिले आहे. धाकट्या सेत्सुकोला त्याने ते सांगितलेले नाही. शाळेच्या पटांगणात ती उकिडवी बसून आईसाठी रडू लागते. सेइता तिची समजूत घालत नाही, तिला जवळ घेत नाही. तो पटांगणातील लोखंडी दांड्याला लटकतो आणि गिरक्या घेऊ लागतो. एक, दोन, आणखी एक. ती मान वर करून पाहतही नाही.

रूढ व्याख्येनुसार या प्रसंगातील मुख्य क्रिया शोकाची असावयास हवी आणि गिरक्या तिच्या सोबतीला. ताकाहाता मुख्य क्रिया घडूच देत नाहीत. सेइताच्या चेहऱ्यावर शोक रेखाटलेला नाही. जे आहे ते दांड्याभोवती फिरणाऱ्या शरीरात आहे. त्या गिरक्यांमध्ये कौशल्याचा झगमगाट नाही, गती ठेवणीतली आहे, कॅमेरा दूर आहे. कोणा कुशल तंत्रज्ञाने त्या मुलाचे केस आणि सदरा वाऱ्यावर अधिक सुंदर हलवला असता, तर आपले लक्ष तिकडे गेले असते आणि प्रसंग बिघडला असता. चौदा वर्षांच्या मुलाला बहिणीसमोर दुसरे काय करता येईल, हे त्या दिग्दर्शकाला ठाऊक होते. म्हणून सेत्सुको रडत राहते आणि सेइता फिरत राहतो.