वाघीण आणि माउली

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या नांवावर चालत आलेली इंग्रजी विद्येची एक उपमा आमच्या सुशिक्षित घरांतून इतकी रुळली आहे कीं, ती आतां उपमा राहिलेलीच नाहीं. ती एक वस्तुस्थिति होऊन बसली आहे. इंग्रजी म्हणजे वाघिणीचें दूध, हें आजोबांनीं नातवाला सांगावें, नातवानें तें निबंधांत घालावें, आणि शाळाप्रवेशाच्या रांगेंत उभ्या असलेल्या बापानें तेंच स्वतःच्या समाधानासाठीं मनांत घोळवावें, असा क्रम कित्येक पिढ्या चालू आहे. उपमा आवडली कीं ती तपासावयाची नाहीं, असा आपल्याकडे एक शिष्टाचार आहे. प्रस्तुत लेखांत तो मोडण्याचा विचार आहे. त्यास निमित्त काय झालें तें आधीं सांगतों.

आमच्या महाविद्यालयांतील एक शिपाई एका दुपारीं माझ्या खोलींत आले. त्यांच्या वस्तीजवळच्या महानगरपालिकेच्या शाळेंत मराठी वर्गांच्या शेजारींच इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघाले आहेत. मुलीला कोणत्या दारानें आंत सोडावें, हें त्यांस विचारावयाचें होतें. मीं मातृभाषेंतून होणाऱ्या शिक्षणाचे लाभ त्यांस सांगितले. विषय माझ्या आवडीचा असल्यामुळें अंमळ विस्तारानेंच सांगितले. त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "सर, आपल्या ताई कुठल्या शाळेंत होत्या?" माझी मुलगी इंग्रजी शाळेंत शिकली. मीं तसें सांगितलें. "बरं, येतों," एवढेंच म्हणून ते गेले. त्यांच्या बोलण्यांत उपरोध नव्हता. असता तर मला बरें वाटलें असतें.

आतां उपमेकडे वळूं. 'निबंधमाला' १८७४ सालीं सुरू झाली, आणि १ जानेवारी १८८० रोजीं चिपळूणकर व टिळक यांनीं पुण्यास जी शाळा काढली तिचें नांवच 'न्यू इंग्लिश स्कूल'. मराठीच्या ह्या अभिमानी लेखकानें शाळेला हें नांव द्यावें, ह्याचा दाखला इंग्रजी माध्यमाचे पुरस्कर्ते आजहि मोठ्या खुशीनें देतात. परंतु त्या शाळेच्या दारांत कोण येऊन उभा राहत असे, हें ते सांगत नाहींत. त्या काळच्या रीतीप्रमाणें मुलगा बहुधा मराठी चार इयत्ता पुऱ्या करून मगच इंग्रजी शाळेची पायरी चढे. वाचणें, लिहिणें, पाढे, हिशेब, गांवाच्या चतुःसीमा, हें सर्व त्यानें आपल्या भाषेंत पचविलेलें असे. वाघिणीचें दूध प्यावयास बसलेला तो मुलगा दहा-अकरा वर्षांचा, दांत आलेला आणि भाकरी चावतां येणारा असा होता. तें दूध त्याला मानवलें, ह्यांत दुधाचा गुण होताच. पण पोटाचाहि होता. आज आपण तेंच दूध तीन-साडेतीन वर्षांच्या अर्भकाच्या तोंडीं लावतों आणि साक्षीला मात्र चिपळूणकरांना उभे करतों.

त्यांच्याहि आधींची पिढी पाहावी. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ मध्यें 'दर्पण' काढलें तें एका स्तंभांत इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभांत मराठी असें. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ चें. हे लोक इंग्रजी शिकून आले आणि पहिलें काम त्यांनीं केलें तें मराठीची डागडुजी करण्याचें. मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें १८४७ च्या सुमारास माध्यमाचा वाद पेटला, तेव्हां इंग्रजीची बाजू सर अर्स्किन पेरी यांनीं घेतली आणि देशी भाषेची नाना शंकरशेट यांनीं. नाना इंग्रजीचे शत्रु नव्हते. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणींत त्यांचा हात होता. पायाला कोणता दगड वापरावा आणि कळसाला कोणता, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढें १८५४ च्या वुडच्या खलित्यानें वरच्या शिक्षणाला इंग्रजी आणि बहुजनांच्या शिक्षणाला देशी भाषा अशी वांटणी करून टाकली. असो.

ह्याच १८५४ सालीं सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. सावित्रीबाईंनीं इंग्रजीला वाघीण म्हटलें नाहीं, माउली म्हटलें. ह्या दोन शब्दांतील अंतर आमच्या टीकाकारांनीं जितकें लक्षांत घ्यावयास हवें होतें तितकें घेतलेलें नाहीं. ज्याच्या घरीं पोथी होती, शास्त्र होतें, त्याला इंग्रजीपासून हवें होतें तें बळ. म्हणून त्याला ती वाघीण दिसली. ज्याला पोथीजवळ फिरकूं दिलें नव्हतें, त्याला हवें होतें तें घर. म्हणून त्याला ती आई दिसली. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें गाऱ्हाणें मांडलें तेंहि हेंच कीं, रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि तिचीं स्वतःचीं मुलें प्राथमिक शाळेवांचून राहतात.

तेव्हां गरीब पालकांच्या 'इंग्रजीच्या वेडा'ला हसण्याचा जो एक प्रघात आमच्या वर्गांत पडला आहे, तो सोडून दिला पाहिजे. आपण आपल्या मुलांना परदेशीं धाडावें आणि शिपायाच्या मुलीस ज्ञानेश्वरांचा वारसा सांभाळावयास सांगावें, हें न्यायाचें नव्हे. आंध्र प्रदेश सरकारनें २०१९ सालीं सरकारी शाळांचें माध्यम इंग्रजी करण्याचा हुकूम काढला. उच्च न्यायालयानें तो एप्रिल २०२० मध्यें रद्द केला. पण तो हुकूम निघाला तेव्हां विरोध करणारांस विचारला गेलेला प्रश्न आमच्या शिपायांचाच होता : तुमचीं मुलें कोठें शिकतात? सर्वोच्च न्यायालयानें तर २०१४ मध्येंच कर्नाटकाच्या प्रकरणांत सांगून टाकलें कीं, प्राथमिक शाळेंत मातृभाषेची सक्ति सरकारला करतां येणार नाहीं.

एवढें मान्य करूनहि एक शंका उरते, आणि ती माउली ह्या शब्दानेंच उत्पन्न केली आहे. आईचें पहिलें लक्षण काय? मूल बोबडें बोलतें तें तिला कळतें, हें. मग सरकारी शाळेंतील ही इंग्रजी मुलाचें बोलणें ऐकते काय?

मागें एकदां एका सार्वजनिक शाळेंत, इंग्रजी माध्यमाच्या तिसरीच्या वर्गावर, मला तासभर बसावयास मिळालें. बाई कष्टाळू होत्या. त्यांचें स्वतःचें शिक्षण मराठींतून झालेलें. धडा पाण्याचा. 'इव्हॅपोरेशन' हा शब्द फळ्यावर होता आणि त्याखालीं एक वाक्य. मुलें तें वाक्य एका सुरांत, हेल काढून म्हणत होतीं. परवचा म्हणावी तसें. बाईंच्या परवानगीनें मीं इंग्रजींत विचारलें, ओले कपडे वाळतात ते कां? चाळीस चेहरे माझ्याकडे पाहत राहिले. तोच प्रश्न मराठींत विचारतांच वर्गांत एकच गलका झाला. एक म्हणाला ऊन पितं. दुसरा म्हणाला वारा नेतो. मागच्या बांकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "पाणी हवेंत जातं. पण पावसाळ्यांत कपडे वाळत नाहींत, कारण हवेंत आधींच पाणी भरलेलं असतं. मग आई ते पंख्याखालीं टाकते." आर्द्रतेचा धडा तिच्या पुस्तकांत बहुधा कांहीं वर्षांनीं येणार होता, तिनें तो दोरीवरच्या कपड्यांकडे पाहून शोधून काढला होता. बाईंनाहि कौतुक वाटलें. मग त्या फळ्याकडे वळल्या, आणि सर्व वर्गानें फळ्यावरचें तें एक वाक्य वहींत उतरवून घेतलें. त्या मुलीनेंहि तेंच उतरवलें. पावसाळ्याची गोष्ट तिच्या वहींत गेली नाहीं, कारण ती लिहावयाला लागणारी इंग्रजी तिच्याजवळ नव्हती आणि मराठी लिहिण्याची त्या वहींत सोय नव्हती.

मराठी माध्यमाच्या कैवाऱ्यांनीं ह्यावर लगेच टाळी पिटूं नये. आमच्या पाठ्यपुस्तकांतील 'बाष्पीभवन' आणि 'सांद्रीभवन' हे शब्द त्या मुलीला कांहीं माहेरचे नाहींत. इंग्रजीचा बोजा उतरवून संस्कृताचा चढवावा, ही आमच्या परिभाषाकारांची जुनी खोड आहे. भेद एवढाच कीं, बाष्पीभवनापुढचा प्रश्न मूल आपल्या बोलींत विचारूं शकतें. आणि शिक्षणाच्या दृष्टीनें हा भेद लहान नव्हे. परंतु मेळघाटांतील कोरकू मुलाला तर आमची मराठी हीच परभाषा आहे, आणि 'मातृभाषेंतून शिक्षण' म्हणून आपण जें त्याच्यापुढें ठेवतों तें त्याच्या मातेला समजत नाहीं. १९१८ मध्यें हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची, देशी भाषेंतून उच्च शिक्षण देणारें म्हणून, आपण वाखाणणी करतों. पण मराठवाड्यांतील मराठी मुलाला ती उर्दू कितपत स्वभाषा होती? स्वभाषा कोणाची, हा प्रश्न आधीं विचारावा लागतो.

बाहेरच्यांचेहि अनुभव आहेत. मलेशियानें २००३ पासून शास्त्र व गणित इंग्रजींतून शिकवावयास घेतलें, २००९ मध्यें तें मागें घेण्याचें ठरविलें आणि २०१२ पासून मुलें टप्प्याटप्प्यानें मलय भाषेकडे परतलीं. आपल्याकडील २०२० च्या शैक्षणिक धोरणानेंहि, शक्य तेथें, निदान पांचवीपर्यंत घरची भाषा असावी असें म्हटलें आहे. धोरण चांगलें आहे. पण महाराष्ट्रांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे, आणि तो विषय मराठी शाळांतून जर जीव ओतून शिकविला गेला असता, तर शेजारच्या दारापुढें एवढी गर्दी झाली नसती, असें माझें स्पष्ट मत आहे. आईबापांना इंग्रजी यावयास हवी होती. आपण त्यांना इंग्रजी माध्यम दिलें. ह्या दोन वस्तु एक नव्हेत, हें त्यांना सांगण्याचें काम ज्यांचें होतें ते आम्ही आपल्या मुलांच्या प्रवेशाच्या रांगेंत होतों. मराठी बारा वर्षें आणि नंतर इंग्रजी साहित्याची पदवी, हा माझा स्वतःचा मार्ग. मुलीच्या वेळीं त्याच मार्गावर माझा विश्वास बसला नाहीं.

आंध्रांत त्या गोंधळांतून एक वस्तु मात्र चांगली निघाली. २०२० च्या सुमारास तेथील सरकारी पाठ्यपुस्तकें दुभाषी झालीं. एका पानावर इंग्रजी आणि समोरच्या पानावर तोच मजकूर तेलुगूंत. बाळशास्त्र्यांना हें पुस्तक ओळखीचें वाटलें असतें. आमच्याकडील 'सेमी-इंग्रजी' ह्या नांवांत नुसता संकोच आहे. समोरासमोर दोन पानें ठेवण्यांत निदान दोन्ही भाषांचा मान राहतो, आणि ती पावसाळ्याची गोष्ट लिहावयाला एक रिकामी बाजू मिळते.

आमच्या शिपायांनीं मुलीला इंग्रजी वर्गांतच घातलें. दुपारच्या सुटींत ते तिचें पुस्तक घेऊन येतात. मी ओळीखालीं पेन्सिलीनें मराठी अर्थ लिहितों, आणि रात्रीं ते तिच्याशीं त्यावर बोलतात. परवां 'शॅडो' हा शब्द आला. मी 'छाया' लिहूं लागलों. ते म्हणाले, "सर, सावली लिहा."