कोणत्या स्त्रीचे स्त्रीत्व? मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला एक प्रश्न

ख्रिस्ती धर्माने स्त्रीला माणूस म्हणून पाहिले, हे विधान मराठी प्रबोधनाच्या इतिहासात इतक्यांदा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. विधान खोटे नाही. सिंथिया फॅरार ही अमेरिकन शिक्षिका 1827 मध्ये मुंबईत आली आणि पुढे अहमदनगरात तिने मुलींच्या शाळा चालवल्या, हा इतिहास आहे. पण या विधानातल्या 'स्त्री' या शब्दापाशी आपण थांबले पाहिजे. ही स्त्री कोण? ती वाड्यात राहते की गावकुसाबाहेर? तिला कोणत्या विहिरीवर पाणी मिळते? दलित समीक्षेने हे प्रश्न सवर्ण सुधारकांना विचारले. ते मराठी ख्रिस्ती वाङ्मयालाही विचारणे भाग आहे.

दोन लेखन शेजारी शेजारी ठेवून पाहू. 1855 मध्ये अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांग मुलगी. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा रोकडा सवाल तिने केला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हेही तिने त्याच दमात सांगितले. धर्म आणि बाळंतपण, ग्रंथ आणि छप्पर हे तिच्या लेखी वेगळे विषय नव्हते. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1857 मध्ये, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली. तिचा विषय उच्चवर्णीय घरांतील विधवांचे हाल, केशवपन आणि पुनर्विवाह. हे दुःखही खरेच होते. त्याला पहिल्याने कादंबरीचे रूप देण्याचे पदमनजींचे श्रेय कुणी नाकारू नये.

परंतु पुढच्या शंभर वर्षांत ख्रिस्ती दृष्टीतील 'पीडित स्त्री' म्हणून जी प्रतिमा रुजली ती यमुनेच्या सोबतिणींची. मुक्ताने मांडलेली उघड्यावरची बाळंतीण त्या प्रतिमेत आली नाही. मुक्ता स्वतः ख्रिस्ती नव्हती. पण तिचा सवाल ख्रिस्ती पत्रातच छापला गेला होता. तो छापला गेला, पुढे नेला गेला नाही. ही निवड वाङ्मयीन होती, तशी सामाजिकही होती.

पुनर्विवाहाचेच उदाहरण घेऊ. महार-मांगांत विधवेचा पाट लागे, मोहतूर होई. नवऱ्याशी पटले नाही तर काडीमोडही होई. यात बाई स्वतंत्र होती असे म्हणण्याचे कारण नाही. जातपंचायत पुरुषांची होती, दंडही तेच ठरवीत. तरीही सुटकेची एक वाट होती. बाप्तिस्मा घेतल्यावर ही बाई 1869 च्या घटस्फोट कायद्याखाली आली. त्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे; त्याला क्रौर्याची किंवा दोन वर्षे टाकून दिल्याची, अशी काहीतरी जोड द्यावी लागे. ही विषमता दूर व्हायला 2001 साल उजाडले. वाड्यातल्या विधवेला जो धर्म मोकळीक देत होता, त्याच धर्माच्या कायद्याने वस्तीतल्या बाईची जुनी वाट अरुंद केली. स्त्रीमुक्तीचा हिशेब जातीवेगळा मांडला की जमेची बाजू तेवढी दिसते, ती अशी.

पंडिता रमाबाईंकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1887 मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. शीर्षकातच मर्यादा स्पष्ट सांगितलेली आहे. त्यांनी उच्चवर्णीय स्त्रीला 'सर्व स्त्रिया' म्हणून खपवले नाही. हा प्रामाणिकपणा त्यांच्यानंतर लिहिणाऱ्यांत कमी आढळतो. आणि चर्चने तरी त्यांना कितपत सामावून घेतले? त्या चेल्टनहॅमला असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. अशाने हिंदुस्थानात तिच्या कार्याला बाध येईल, असा त्यांचा सूर होता. मनूच्या शास्त्राला नकार देऊन आलेल्या बाईला इथेही मर्यादेची रेघ दाखवली गेली. रमाबाईंनी ती मानली नाही; आपल्या विवेकाचा अधिकार पाद्र्याच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या.

शारदा सदन 1889 मध्ये निघाले ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. पण 1896-97 च्या आणि 1900 च्या दुष्काळांनी केडगावचे दार सर्व जातींच्या बायकांना उघडले. रमाबाईंच्या कार्याचा हा उत्तरार्ध आपल्याकडे 'धर्मवेड' म्हणून बाजूला टाकला जातो. माझ्या मते दलित वाचकाने तो मुद्दाम वाचावा. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1924 मध्ये, ते पूर्ण छापून निघाले. टाइप जुळवण्यापासूनची कामे आश्रमातल्या बायकांनी केली. संस्कृताच्या पंडितेने संस्कृतप्रचुर भाषा टाळून खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी निवडली. मुक्ताने विचारले होते, आमचा ग्रंथ कोणता? त्या सवालाला दिलेले हे उत्तर अपुरे असेल, पण ते हातांनी आणि भाषेने दिलेले होते.

आता ग्रंथाकडेच वळू. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्रीची कथा आहे. भर दुपारी ती विहिरीवर येते. यहुदी शोमरोन्यांशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसत, आणि हा यहुदी पुरुष तिच्याकडे पाणी मागतो. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ज्यांच्या पूर्वजांनी ओंजळीत घेतले, त्यांना या कथेचा अर्थ सांगावा लागत नाही. तरीही व्यासपीठावरून ही कथा बहुधा त्या बाईच्या पाच नवऱ्यांचीच होते. प्रवचनकार तिचे नवरे मोजतो आणि विहीर विसरतो. स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवले की विटाळाची व्यवस्था झाकली जाते.

दासी हागारेची कथाही तशीच. मालकिणीला मूल नाही म्हणून तिची कूस वापरली जाते आणि मग तिला वाळवंटात हाकलले जाते. काळ्या अमेरिकन स्त्रियांनी ही कथा आपली म्हणून वाचली. डेलोरिस विल्यम्स यांचा याविषयीचा ग्रंथ 1993 चा. आपण 1972 मध्ये पँथर हे नाव त्याच काळ्या चळवळीवरून घेतले. हागारेचे हे वाचन मात्र आपल्याकडे यायचे राहिले. एक स्त्री दुसऱ्या स्त्रीला कशी वापरते, हे या कथेत उघड आहे. म्हणून 'स्त्रीत्व' नावाची सरसकट वस्तू तिच्यापुढे टिकत नाही.

आधुनिक संस्कृतीने कुटुंब मोडले, स्त्री घराबाहेर पडली, अशी चिंता आजही धर्मपीठांवरून ऐकू येते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 च्या पत्रात स्त्रीची प्रतिष्ठा गौरवाने मांडली, पण तिच्या जीवनकार्याच्या दोन वाटा म्हणून मातृत्व आणि कौमार्यव्रत यांवर भर दिला. 1994 मध्ये तिला पुरोहितपद नाकारले. चर्च ऑफ साउथ इंडियाने 2013 मध्ये ई. पुष्पा ललिता या स्त्रीला बिशप केले, हा मोठाच फरक आहे. परंतु आमच्या बाईला घराबाहेर काढले ते आधुनिकतेने नव्हे. ऊसतोडीला, बिगारीला, झाडलोटीला तिला भुकेने आणि जातीने पाठवले. जिला घरच नीट मिळाले नाही, तिला घराचे माहात्म्य सांगणे ही थट्टा आहे.

तिच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी कोंडी कायद्याची आहे. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीला धर्माची अट घातली. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले; ख्रिस्ती बाहेरच राहिले. या प्रश्नावर केंद्राने 2022 मध्ये आयोग नेमला. तोवर दलित ख्रिस्ती बाईवर जातीवरून हात टाकला गेला तरी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा तिच्या मदतीला येत नाही. गाव तिची जात विसरत नाही. कायदा तेवढी विसरतो. धर्मांतरित माणूस सामाजिक अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही, अशी बाबासाहेबांची तक्रार होती. तिचे उत्तर चर्चने अजून द्यायचे आहे.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना त्यांचा आवाज मिळवून दिला. खेडोपाडी पायी फिरलेल्या बायबल-बाया, मिशनशाळांतल्या शिक्षिका आणि दवाखान्यातल्या सुईणी यांच्या आठवणी त्याच जिद्दीने गोळा झाल्या पाहिजेत. नगर-जालन्याकडच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे. ख्रिस्ती दृष्टीतील स्त्रीत्वाची चर्चा त्या बायांच्या साक्षीवाचून पुढे जाणार नाही. मुक्ताचा सवाल 1855 पासून उभा आहे, आणि त्याचे उत्तर तिच्याच वस्तीतून यायचे आहे.