अकरा वेळा आमदार: हा आकडा तुम्ही स्वतः मोजलाय का?

महाराष्ट्रातल्या एखाद्या आमदाराची कारकीर्द अभ्यासायची म्हटलं की पहिलं नाव बहुतेकदा गणपतराव देशमुखांचं निघतं. सांगोला, शेतकरी कामगार पक्ष, अकरा विजय, साधी राहणी, एसटीचा प्रवास. जुलै 2021 मध्ये आबासाहेब गेले तेव्हा आलेले लेख एकाशेजारी एक ठेवून वाचा, पाच-सहा लेखांनंतर पुढचं वाक्य काय असेल ते तुम्हीच सांगाल. ते लेख आदरापोटी लिहिलेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आपल्याशी. आपण तेच लेख उचलून प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात ठेवतो आणि त्याला 'विश्लेषण' म्हणतो. मीही हे केलंय. मार्गदर्शकांनी कागद परत देताना एवढंच म्हटलं होतं, "श्रद्धांजली छान आहे, प्रकरण कधी देताय?"

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. निवडणूक आयोगाचे विधानसभा सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल उघडा आणि सांगोल्याचे विजय मोजा: 1962, 1967, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009, 2014. किती झाले? दहा. मग अकरावा कुठे गेला? तो 1974 च्या पोटनिवडणुकीतला आहे, आणि पोटनिवडणुका त्या अहवालांत नसतात. म्हणजे ज्याने वर्तमानपत्रातून आकडा घेतला त्याचं उत्तर बरोबर आलं, आणि ज्याने कष्टाने मूळ साधन चाळलं त्याचं चुकलं! यातून वर्तमानपत्रावर विसंबा असा अर्थ काढू नका. कुठल्या साधनात काय येतच नाही हे आधी माहीत हवं, एवढंच.

वर्षांचंही तेच. ते किती वर्षं सभागृहात होते याचे पन्नाशीपुढचे वेगवेगळे आकडे सापडतील. स्वतः बेरीज करा. 1962 ते 72 ही दहा, 1974 ते 95 ही एकवीस, 1999 ते 2019 ही वीस. पहिला विजय आणि शेवटची मुदत यांच्यात सरळ वजाबाकी केली की मधली सहा-एक वर्षं फुकटात मिळतात.

'देशातला विक्रम' हा शब्दही जपून वापरा. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून. केरळात ओमन चांडी एकट्या पुदुपल्लीतून बारा वेळा जिंकले. विक्रम म्हणायचं असेल तर कुठली अट लावून म्हणताय ते लिहा. अट बदलली की विक्रमाचा मानकरी बदलतो.

आता मला जिथे जास्त थांबायचंय तिकडे येते. 1972 आणि 1995. गणपतराव या दोन निवडणुका हरले. 1995 मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना 192 मतांनी हरवलं. (हो, तेच शहाजीबापू, ज्यांचा गुवाहाटीतला फोन सगळ्या महाराष्ट्राने ऐकला.) बहुतेक लेखांत हे पराभव 'दोन अपवाद वगळता' अशा तीन शब्दांत उरकलेले असतात. संशोधकाने नेमकं तिथेच बस थांबवून उतरायला हवं.

का ते सांगते. अकरा विजयांची दोन स्पष्टीकरणं हमखास दिली जातात. एक, साधेपणा. दुसरं जरा दबक्या आवाजात: तालुक्यात धनगर समाजाची संख्या मोठी आणि ते स्वतः धनगर. पण 1990 मध्ये ते साधे होते आणि 1995 मध्ये नव्हते, असं झालं का? पाच वर्षांत तालुक्यातला समाज बदलला का? जी गोष्ट दोन्ही वेळी तशीच होती, तिने एका वेळचा विजय आणि दुसऱ्या वेळचा पराभव, दोन्ही कसे समजावणार? बदललेलं काहीतरी शोधावं लागेल: समोर कोण उभं होतं, मतं कुणी खाल्ली, जिल्ह्यातले मोठे पुढारी त्या वर्षी कुणाच्या मागे गेले, राज्यात वारं कुठलं होतं. हे काम कंटाळवाणं आहे, गावोगाव जाऊन म्हाताऱ्या कार्यकर्त्यांशी बोलावं लागतं. पण प्रकरण त्यातूनच होतं.

पक्षनिष्ठेबद्दलही एक शंका विचारा. 1967 मध्ये शेकापचे 19 आमदार होते, 2014 मध्ये 3. पक्ष आटत गेला आणि सांगोला टिकून राहिला. मग मत पक्षाला होतं की माणसाला? 2019 मध्ये आबासाहेब उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि 768 मतांनी पडले, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. 2024 मध्ये दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, शेकापकडूनच निवडून आले. 'माणूस की पक्ष' या प्रश्नात घराणं हा तिसरा पर्याय घालावा लागतो, आणि तो घालताना आपल्याला उगाच अवघडल्यासारखं होतं.

धोरणांचं प्रकरण सगळ्यांत निसरडं. 'पाणी हा त्यांचा प्राधान्याचा विषय होता' हे खरंच आहे. 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या सोबतीने आटपाडीची पाणी परिषद त्यांनी चालवली, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून. पण लगेच पुढचं वाक्य येतं, 'त्यांनी टेंभूचं पाणी आणलं.' थांबा. कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं 1996 मध्ये, युती सरकारच्या काळात, आणि तेव्हा गणपतराव आमदारच नव्हते. लवादाने दिलेलं पाणी ठरलेल्या मुदतीत अडवायची घाई सरकारला होतीच. चळवळीचा रेटा किती, मुदतीची घाई किती, आमदाराचा पाठपुरावा किती? हे वेगळं काढता येईल की नाही, मला अजून खात्री नाही. पण वेगळं न काढता श्रेय वाटून टाकणं हे आपलं काम नव्हे.

एक वाट मात्र सापडते. ते आयुष्यभर बहुतेक विरोधात बसले, पण दोनदा मंत्रीही झाले: 1978 मध्ये पुलोद सरकारात आणि 1999 मध्ये विलासरावांच्या मंत्रिमंडळात. दुसऱ्या वेळी रोजगार हमी खातं त्यांच्याकडे होतं. ज्या योजनेवर दुष्काळी तालुक्याचा आमदार म्हणून ते इतकी वर्षं बोलत आले, तीच हातात आल्यावर काय बदललं? विरोधी बाकावरचे तारांकित प्रश्न आणि मंत्री म्हणून दिलेली उत्तरं समोरासमोर ठेवली, तर 'प्राधान्य' या शब्दाला काहीतरी वजन येईल. विधिमंडळाची कार्यवाही ग्रंथालयात आहे. परवानगीचं पत्र आधी घ्या, नाहीतर एक दिवस दारातच जातो.

आणि तिथे बसलात की 1995 ते 1999 चे खंडही मागवा. त्यांत आबासाहेब नाहीत. सांगोल्याच्या पाण्याबद्दल त्या चार वर्षांत सभागृहात कोण बोललं, किती वेळा, ते टिपून घ्या.