‘महामार्ग संमोहन’ : एका सोयीच्या शब्दाची चिकित्सा

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या सुमारास ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द वृत्तपत्रांतून घरोघरी पोचला. सरळ, एकसुरी रस्ता चालकाला गुंगी आणतो, असा त्याचा अर्थ. परिसराचा चालकाच्या मनावर परिणाम होतो हे खरेच. पण हा शब्द जेवढे सांगतो त्याहून अधिक झाकतो.

पहिली अडचण पुराव्याची. अपघातानंतर रस्त्यावर ब्रेकच्या खुणा दिसल्या नाहीत, म्हणून चालक संमोहित होता असे ठरवायचे, तर झोप लागलेल्या चालकाच्या गाडीच्याही खुणा उमटत नाहीत. जे स्पष्टीकरण कोणत्याही अपघाताला लागू पडते, ते कोणत्याच अपघाताचे कारण सांगत नाही.

दुसरी अडचण अशी, की या एका शब्दात झोप, वेगाची सवय आणि कंटाळा या तीन गोष्टी कोंबल्या आहेत, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहाटे झोपेचा जोर सर्वाधिक असतो तो शरीरातील जैविक घड्याळामुळे. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाताना २ सेकंदांची डुलकी म्हणजे सुमारे ६७ मीटर अंधळा प्रवास. त्यावर उपाय विश्रांतीचा. दुभाजकावरची फुलझाडे चालकाची झोप भरून काढत नाहीत.

वेगाची सवय हा मात्र खरोखर परिसराचा प्रश्न आहे. बाजूची वस्तू डोळ्यासमोरून किती झपाट्याने सरकते, यावरून आपण वेग जोखतो. वस्तू अगदी बाजूला आली असता तिचा कोनीय वेग म्हणजे गाडीचा वेग भागिले वस्तूचे अंतर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. झाड २ मीटरवर असेल तर हा कोनीय वेग ८.३ रेडियन प्रतिसेकंद येतो. आता वेग १२० करा, पण जवळची वस्तू २० मीटरवर न्या, तो १.७ वर उतरतो. वेग दुप्पट, गतिज ऊर्जा चौपट, आणि बाजूचे दृश्य मात्र पाचपट संथ! त्यात बराच काळ वेगात राहिले की तोच वेग मंद भासू लागतो. ब्रिटनमध्ये डेंटन यांनी १९७०च्या दशकात याच भ्रमाचा उलटा उपयोग केला. चौकाआधी रस्त्यावर क्रमाने जवळ जवळ येणारे आडवे पट्टे रंगवले, की चालकाला वेग वाढल्यासारखे वाटते आणि तो गाडी हळू करतो.

भावनेचे काय? टेलर यांनी १९६४ साली चालकांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. ताण आला की ती बदलते. रस्ता कसाही असो, ठरावीक वेळात होणाऱ्या अशा बदलांची संख्या जवळजवळ सारखीच राहिली. याचा एक अर्थ असा, की भीती वाटली की चालक हळू होतो आणि निर्धास्त वाटले की वेग वाढवतो. म्हणजे रस्ता सुखद केल्याने मिळालेली सुरक्षितता चालक वेगावर खर्च करू शकतो.

म्हणूनच ‘हिरवाई लावा, अपघात टळतील’ हा निष्कर्षही घाईचा आहे. हिरव्या रस्त्याचे दृश्य पाहणाऱ्यांचा ताण लवकर उतरतो, असे पार्सन्स आणि सहकाऱ्यांना १९९८ साली आढळले. पण ते लोक चित्रफीत पाहत होते, गाडी चालवत नव्हते. धुक्याचा धडा तर अधिक बोलका आहे. धुक्यात वेग कमी भासतो, असे स्नोडेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले. त्यांनी सारे दृश्य सारखेच फिकट केले होते. २०१२ साली प्रेटो आणि सहकाऱ्यांनी खऱ्या धुक्याप्रमाणे दूरचे अधिक फिकट केले, तेव्हा निष्कर्ष नेमका उलटा आला!

हातकणंगल्यातून जाणाऱ्या कोल्हापूर–सांगली रस्त्यावर तर ‘संमोहन’ हा शब्द निरुपयोगीच ठरतो. इथे एकसुरीपणा कुठला? दुकाने, फाटे, दुचाक्या, एस.टी. आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या. ताशी २० किलोमीटरने चाललेल्या ट्रॉलीमागे ६० च्या वेगाने येणाऱ्या दुचाकीला ५० मीटर अंतर तोडायला साडेचार सेकंद लागतात. ट्रॉलीला मागे दिवा वा परावर्तक नसेल, तर अंधारात डोळ्याला पकडायला काहीच उरत नाही. इथे दोष चालकाच्या मनाचा नाही, न लावलेल्या परावर्तकाचा आहे.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज नेता येईल. एस.टी.च्या खिडकीशी बसून विद्यार्थ्यांनी आधी वेगाचा अंदाज वहीत लिहावा, मग किलोमीटरच्या दोन दगडांमधले सेकंद मोजावेत. ३६०० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो. झाडीचा भाग आणि मोकळ्या शिवाराचा भाग यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. अंदाज कुठे चुकतो आणि कोणत्या बाजूला, हे त्यांचे त्यांनाच दिसेल.

कारणाला नाव मिळाले की शोध थांबतो, ही आपली जुनी खोड आहे. रस्त्यावर तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते.