चिंताशील स्वभाव, तीव्र व्यायाम आणि मापनाचा प्रश्न

वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या आश्रयाने २०११ साली सुरू झालेल्या मॅरेथॉनसारख्या स्पर्धेत ४२.१९५ किलोमीटर धावणाऱ्यास धावण्यापूर्वी व धावल्यावर एकच चिंतामापक प्रश्नावली दिली, की त्याच्या स्वभावाचा व्यायामानुभवावरील परिणाम कळेल, असा समज सहज होतो. हा समज तपासून घेणे आवश्यक आहे.

स्पीलबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत ४० विधाने असून त्यांपैकी २० स्वभावगत चिंतेविषयी, तर २० तात्कालिक चिंतेविषयी आहेत. हा भेद मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु धाप लागलेला मनुष्य ‘मी शांत आहे’ या विधानास नकार देईल, तेव्हा तो नकार भीतीचा की केवळ श्रमाचा, हे मिळालेल्या गुणांवरून ठरत नाही.

मराठीत ही अडचण अधिकच वाढते. ‘छाती धडधडते’, ‘जीव घाबरा होतो’ हे प्रयोग भय आणि श्रम या दोहोंसाठी रूढ आहेत. म्हणून शब्दशः भाषांतर येथे पुरेसे नाही. हार्डी व रेजेस्की यांची १९८९ ची उणे ५ ते अधिक ५ अशी सुखासुखाची मोजपट्टी सोबत वापरली, तर निदान अनुभवाचा सुखद-दुःखद रोख स्वतंत्रपणे नोंदला जातो.

एक्केकाकिस यांच्या २००३ मधील उपपत्तीनुसार श्रम मर्यादेत असेतो व्यक्तीचा स्वभाव व विचार यांना वाव असतो. श्वसनाची विशिष्ट मर्यादा ओलांडल्यावर मात्र शरीराच्या संवेदनाच प्रबळ होतात व बहुतेकांस अस्वस्थ वाटते. हे मान्य केल्यास, अतितीव्र श्रमातील अस्वस्थतेचे खापर चिंताशील स्वभावावर फोडणे अयुक्त ठरते. स्वभावाचा प्रभाव त्या अस्वस्थतेला व्यक्ती कोणता अर्थ देते, यात शोधावा लागतो.

या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व थोडे नाही. पिट्स व मॅक्क्लूर यांनी १९६७ साली दुग्धाम्लाचा क्षार रक्तात सोडून चिंताविकृत रुग्णांत भयाचे झटके उत्पन्न झाल्याचे दाखविले. त्यावरून अशा व्यक्तींनी कठोर व्यायाम टाळावा, असे अनुमान निघाले. ते घाईचे होते. उलट, शारीरिक लक्षणांची भीती बाळगणाऱ्यांत तीव्र व्यायामाने ती भीती अधिक त्वरेने ओसरल्याचे ब्रोमन-फुल्क्स प्रभृतींनी २००४ साली दाखविले. मापनातील गोंधळामुळे ज्यास व्यायामाचा लाभ व्हावयाचा, त्यासच त्यापासून परावृत्त केले जाण्याचा संभव आहे.